काट्याच्या फोल्डरमधील फाइली टिपणारी स्क्रिप्ट नोंदी का चुकवते?

तुमची अडचण मला समजली ती अशी. तासगावच्या एका बेदाणा शीतगृहात वजनकाट्याच्या विंडोज संगणकावरील सॉफ्टवेअर प्रत्येक गाडीसाठी एक सीएसव्ही फाइल तयार करते आणि ती कार्यालयातील उबंटू (लिनक्स) यंत्रावर सांबा या नेटवर्कवर फोल्डर वाटून देणाऱ्या प्रणालीद्वारे सर्वांना खुल्या केलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. सांगलीच्या मार्केट यार्डातील गाळ्यावर झालेल्या पावत्यांच्या फाइली दिवसाअखेर पेन ड्राइव्हवरून त्याच फोल्डरमध्ये उतरवल्या जातात. तुमची बॅश (लिनक्सची आज्ञाभाषा) स्क्रिप्ट क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून, दर मिनिटाला चालते, ‘फाइंड’ या फाइली शोधणाऱ्या आज्ञेला ‘एममिन’ या पर्यायाने गेल्या एका मिनिटात बदललेल्या फाइली विचारते आणि सापडलेल्या फाइली आवकेच्या डेटाबेसात भरते. हंगामाचा जोर वाढल्यापासून काही पावत्या दोनदा चढतात, काही चढतच नाहीत आणि काहींमध्ये निव्वळ वजनाचा रकाना रिकामा राहतो. म्हणून क्रॉन सोडून आयनोटिफाय, म्हणजे फोल्डरमध्ये बदल होताच कळवणारी लिनक्सची सोय, वापरावे का, असे तुम्ही विचारले आहे.

वापरायला हरकत नाही, परंतु त्याने तुमच्या तीन तक्रारींपैकी फार तर एक कमी होईल. सांगली जिल्ह्यातील साखर कारखाने, शीतगृहे आणि मार्केट यार्डातील अडत्यांची दुकाने येथे काट्याचे आकडे हिशेबात आणण्याची कामे मी बरीच वर्षे करतो आहे, आणि या कामात फोल्डरवर नजर ठेवण्याचे साधन कोणते, हा प्रश्न जवळजवळ नेहमीच दुय्यम ठरतो. फाइल आली आहे का, ती पूर्ण लिहून झाली आहे का आणि ती आपण आधीच घेतली आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तुमची स्क्रिप्ट यांपैकी एकही विचारत नाही. ती फक्त ‘फाइल अलीकडे बदलली का’ एवढेच विचारते आणि त्या उत्तरावरून बाकीची तिन्ही उत्तरे गृहीत धरते.

आधी एक तपासणी करून पाहा. दोनदा चढलेल्या पावत्यांच्या जोड्या डेटाबेसातून काढा आणि त्यांतील पहिल्या नोंदीत निव्वळ वजन रिकामे आहे का ते बघा. तसे असेल, आणि माझा अंदाज तसाच आहे, तर तुमच्या तीनपैकी दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. काट्यावर गाडीचे वजन दोनदा होते: माल भरून आलेली गाडी आधी तोलली जाते, मग ती माल उतरवून परत येते तेव्हा रिकाम्या गाडीचे वजन घेतले जाते, आणि या दोहोंच्या वजाबाकीतून निव्वळ वजन निघते. अनेक काट्यांची सॉफ्टवेअर पहिल्या वजनालाच फाइल तयार करून बंद करतात आणि दुसऱ्या वजनाच्या वेळी तीच फाइल पुन्हा उघडून पुढची ओळ लिहितात. मधला वेळ हमालांच्या उपलब्धतेवर अवलंबून असतो; तो पाऊण तासही असू शकतो. तुमची स्क्रिप्ट अशी फाइल पहिल्या वजनानंतर उचलते, दुसऱ्या वजनाने बदलाची वेळ नवी झाली की पुन्हा उचलते, आणि दोन्ही वेळा प्रामाणिकपणे नोंद करते. आयनोटिफाय लावले तरी नेमके हेच घडेल, कारण त्यालाही फाइल दोनदा लिहून बंद झाल्याचे दिसेल. फाइल बंद होणे ही ऑपरेटिंग सिस्टिमला कळणारी गोष्ट आहे. पावती पूर्ण होणे ही फक्त काट्यावरच्या माणसाला आणि फाइलमधील मजकुराला माहीत असते. म्हणून पूर्णतेची कसोटी मजकुरातच शोधावी लागते: दोन्ही वजने आहेत, निव्वळ वजनाचा रकाना भरलेला आहे, तो वजाबाकीशी जुळतो आहे आणि शेवटची ओळ नवीन ओळीच्या चिन्हाने संपते आहे. यांतील एकही अट पुरी होत नसेल, तर स्क्रिप्टने काहीही न करता ती फाइल पुढच्या फेरीसाठी सोडून द्यावी. तुमचे सॉफ्टवेअर दुसऱ्या वजनानंतरच फाइल लिहीत असेल, तर हे निदान लागू होत नाही. तरीही ही कसोटी ठेवावीच, कारण तिला खर्च काहीच नाही.

आता न चढणाऱ्या पावत्यांकडे वळू. ‘फाइंड’ मागे बघतो ती एक मिनिटाची खिडकी आणि एक मिनिटाचा क्रॉन यांचे गणित कागदावर जुळते, प्रत्यक्षात जुळत नाही. यंत्रावर भार असला की ‘फाइंड’ प्रत्यक्ष सुरू होण्याचा क्षण काही सेकंद मागेपुढे होतो. तो उशिरा आला की दोन खिडक्यांमध्ये फट पडते आणि त्या फटीतली फाइल कायमची सुटते. लवकर आला की खिडक्या एकमेकींवर चढतात आणि तीच फाइल दोनदा सापडते. पण तुमच्या बाबतीत मोठी गळती पेन ड्राइव्हच्या फाइलींची असावी. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररने फाइल उतरवली की तिची मूळ बदलाची वेळ तशीच राहते. दुपारी दोन वाजता यार्डात लिहिलेली आणि सायंकाळी सात वाजता फोल्डरमध्ये आलेली फाइल ‘फाइंड’ला पाच तास जुनी दिसते, म्हणून ती कधीच सापडत नाही. खिडकी पाच मिनिटांची केल्यानेही ती सापडणार नाही. लिनक्सवर ‘सीमिन’ हा पर्याय फाइलच्या माहितीतील बदलाची वेळ पाहतो, आणि ती वेळ फाइल उतरवताना नवी होते. त्यामुळे या एका गोष्टीपुरता तो उपयोगी आहे. मात्र वेळेच्या कोणत्याही खिडकीवर विसंबणेच सोडावे, असे माझे मत आहे. यंत्र अर्धा तास बंद राहिले तर त्या अर्ध्या तासातल्या फाइलींचे काय होणार, याचे उत्तर कोणत्याच खिडकीपाशी नसते.

मी जी रचना करतो तीत वेळेला स्थान नाही. फोल्डरमध्ये जी फाइल आहे ती प्रक्रियेची वाट पाहते आहे, आणि जिची प्रक्रिया झाली ती तेथे राहत नाही. स्क्रिप्ट प्रत्येक फेरीत फोल्डरमधील सगळ्या फाइली बघते, पूर्ण झालेल्या ओळखते, त्या डेटाबेसात भरते आणि मग ‘झालेल्या’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवते. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हलवून मग भरायचे ठरवले आणि मध्ये वीज गेली, तर पावती ‘झालेल्या’त दिसेल आणि हिशेबात नसेल, ही चूक महिनाअखेरीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. आधी भरून मग हलवायचे ठरवले, तर वीज गेल्यावर फार तर तीच फाइल पुन्हा समोर येईल, आणि ती पुन्हा न भरण्याची जबाबदारी डेटाबेसावर टाकता येते.

त्यासाठी डेटाबेसात पावतीच्या नोंदीवर एकमेवतेची अट घाला, म्हणजे तीच पावती दुसऱ्यांदा भरताच डेटाबेस स्वतः नकार देईल आणि स्क्रिप्ट तो नकार ‘आधीच झाले आहे’ असा समजून फाइल हलवून टाकेल. ही अट कशावर घालायची, याचा विचार नीट करा. नुसता पावती क्रमांक पुरत नाही, कारण बहुतेक काट्यांवर तो १ एप्रिलला पुन्हा १ पासून सुरू होतो, आणि बेदाण्याची आवक नेमकी त्याच सुमारास चालू असते. शिवाय तुमच्याकडे काटे दोन आहेत. आर्थिक वर्ष, काट्याचा क्रमांक आणि पावती क्रमांक असे तिन्ही मिळून एकमेव असावेत. सोबत फाइलच्या मजकुराचा शा-२५६ हॅश, म्हणजे मजकूर बदलताच बदलणारा त्याचा ठसा, एका रकान्यात साठवा. तोच क्रमांक आणि तोच हॅश असलेली फाइल पुन्हा आली, तर ती निव्वळ पुनरावृत्ती आहे आणि मुकाट्याने बाजूला करता येते. क्रमांक तोच पण हॅश वेगळा असेल, तर कोणीतरी पावती दुरुस्त केली आहे. ती आपोआप भरूही नये आणि आपोआप टाकूनही देऊ नये, ‘तपासा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि रोज संध्याकाळी हिशेबनीसाने ते फोल्डर उघडावे. वजनातील दुरुस्ती हा शेतकरी आणि व्यापारी यांच्या पैशाचा प्रश्न आहे. तो निकालात काढण्याचा अधिकार स्क्रिप्टला देऊ नये.

फाइलच्या नावावर ओळख ठरवू नका, हेही या निमित्ताने सांगतो. नावात गावाचे किंवा शेतकऱ्याचे नाव देवनागरीत लिहिण्याची पद्धत आपल्याकडे वाढते आहे, आणि ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ला नुक्ता जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्स फाइलच्या नावातील बाइट तेवढे जुळवतो, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या नावांच्या दोन फाइली सुखेनैव नांदू शकतात. बॅशमध्ये नावांतील मोकळ्या जागांचा त्रास वेगळाच असतो. फाइलचे नाव धरणाऱ्या चलाभोवती (व्हेरिएबलभोवती) अवतरणचिन्हे घालण्याचा कंटाळा केला की ‘काटा पावती’ अशा नावाच्या दोन फाइली समजल्या जातात. तुमची स्क्रिप्ट वाढतच जाणार असेल, तर ती पायथनमध्ये आणणे सोयीचे होईल.

मजकुराची कसोटी असली तरी फाइल अजून लिहिली जात आहे का, हे जाणून घेण्याची गरज पूर्णपणे संपत नाही, विशेषतः एका फाइलमध्ये अनेक ओळी असतील तेव्हा. येथे सर्वांत भक्कम उपाय लिहिणाऱ्याच्या बाजूला असतो. त्याने फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावर तिचे नाव बदलावे. एकाच फाइल सिस्टिममध्ये नाव बदलणे ही अखंड क्रिया आहे. वाचणाऱ्याला एक तर फाइल दिसत नाही किंवा पूर्ण दिसते, मधली अवस्था नसते. ‘आरसिंक’ही असेच करते: आधी ठिपक्याने सुरू होणाऱ्या लपलेल्या नावाने लिहिते आणि शेवटी खरे नाव देते. मात्र फाइल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवली, तर आतून ती नक्कल करून मूळ पुसण्याची क्रिया असते, आणि तेथे ही अखंडता उरत नाही. म्हणून ‘झालेल्या’ आणि ‘तपासा’ हे फोल्डरही मूळ फोल्डर असलेल्या डिस्कवरच ठेवा.

काट्याचे सॉफ्टवेअर पुरवणारे लोक असा बदल करून देतील का, हे त्यांच्यावर अवलंबून आहे. माझा अनुभव मिश्र आहे. ते शक्य नसेल, तर लागोपाठ दोन फेऱ्यांत फाइलचा आकार आणि बदलाची वेळ तीच राहिली तरच तिला हात लावावा. हा पुरावा नव्हे, अंदाज आहे, कारण रखडलेले नेटवर्क मिनिटभर गप्प बसून पुन्हा लिहायला लागू शकते. पण मजकुराच्या कसोटीसोबत तो पुरेसा ठरतो. विंडोजवर एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडी ठेवली असली तरी लिनक्सच्या बाजूने ती हलवायला सामान्यतः कोणी अडवत नाही, म्हणून ही वाट पाहण्याची शिस्त स्क्रिप्टनेच पाळायची असते. काट्याचे सॉफ्टवेअर जुन्या पावत्या पुन्हा छापण्यासाठी याच फोल्डरमधून वाचत असेल, तर मात्र फाइली हलवता येणार नाहीत; तेव्हा प्रक्रिया झालेल्या फाइलींची नोंद एसक्यूलाइट या एकाच फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसाच्या छोट्या तक्त्यात ठेवून तिच्याशी ताडून पाहावे लागते.

आता आयनोटिफायबद्दल. लिनक्सच्या गाभ्यात ते २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीपासून आहे आणि आपल्या कामापुरते अत्यंत भरवशाचे आहे, पण त्याचे स्वरूप दारावरच्या घंटीसारखे आहे: कोणीतरी आले एवढे ती सांगते, घरात आता कोण कोण आहे हे सांगत नाही. तुमची स्क्रिप्ट बंद असताना आलेल्या फाइलींची घटना, म्हणजे बदलाची सूचना, नंतर मिळत नाही. घटनांची रांग भरली, आणि तिची प्रचलित मर्यादा १६,३८४ आहे, तर पुढच्या घटना गळतात आणि फक्त ‘रांग ओसंडली’ अशी सूचना येते. ‘आयनोटिफायवेट’ या घटना छापणाऱ्या आज्ञेचे निकाल पाइपमधून बॅशच्या लूपमध्ये घेऊन प्रत्येक ओळीमागे डेटाबेसाशी बोलणारी स्क्रिप्ट मोठ्या आवकेच्या वेळी मागे पडते आणि या मर्यादेकडे सरकते. एका फोल्डरवर लावलेले लक्ष त्याच्या उपफोल्डरना लागू होत नाही; उपफोल्डरही पाहण्याचा (पुनरावर्ती) पर्याय दिला तरी नवा उपफोल्डर तयार होणे आणि त्याच्यावर लक्ष लागणे यांच्या मधल्या क्षणात आत पडलेली फाइल निसटू शकते. तारखेनुसार उपफोल्डर करण्याची सवय असलेल्या ठिकाणी हा दोष रोज मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या गाडीला भोवतो.

नेटवर्कचा मुद्दा येथे नीट लक्षात घ्यायला हवा. तुमचे फोल्डर उबंटू यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर आहे आणि सांबाची प्रक्रिया त्याच यंत्रावर लिहिते, म्हणून काट्याच्या संगणकाने पाठवलेल्या फाइलीही त्या यंत्रावर चालणाऱ्या आयनोटिफायला दिसतील. उद्या कोणी हीच स्क्रिप्ट दुसऱ्या यंत्रावर नेऊन ते फोल्डर तेथे नेटवर्कवरून जोडले, तर इतरांनी केलेले बदल तिला दिसणार नाहीत, आणि वाईट भाग असा की कोणतीही चूक दाखवली जाणार नाही. स्क्रिप्ट शांतपणे वाट पाहत राहील. विंडोजवर याच कामासाठी डॉटनेटचे ‘फाइलसिस्टिमवॉचर’ आहे, त्याची घटना साठवण्याची जागा मुळात ८ केबी असते आणि ती भरली की त्यालाही घटना गमवाव्या लागतात. साधन बदलल्याने ही जात बदलत नाही.

म्हणून मी घटनांना फक्त जागे करण्याचे काम देतो. घटनेतून आलेले फाइलचे नाव मी वापरतच नाही. घटना आली की दोन सेकंद थांबायचे, तोवर साचलेल्या घटना वाचून टाकायच्या आणि वर सांगितलेली संपूर्ण फेरी एकदा चालवायची. घटना आली नाही तरी मिनिटभराने फेरी चालवायचीच. ‘रीड’ या ओळ वाचणाऱ्या आज्ञेला वेळमर्यादा देऊन हे बॅशमध्येही जमते. ऐकायच्या घटना दोनच: लिहिण्यासाठी उघडलेली फाइल बंद झाली ती ‘क्लोज-राइट’, आणि फाइल हलवून किंवा नाव बदलून आली ती ‘मूव्ह्ड-टू’. ‘क्रिएट’ फार लवकर येते, तेव्हा फाइल रिकामी असते, आणि ‘मॉडिफाय’ लिहिण्याच्या प्रत्येक तुकड्याला येते. सुरुवातीला आधी लक्ष लावायचे आणि मग पहिली फेरी चालवायची. उलट केले तर दोहोंच्या मध्ये आलेली फाइल पुढच्या मिनिटापर्यंत पडून राहील. लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीच्या पाथ युनिटमध्ये (फोल्डर पाहून सेवा सुरू करणाऱ्या जोडणीत) ‘डिरेक्टरी-नॉट-एम्प्टी’ ही सोय मोहक वाटते, पण अर्धवट फाइली मुद्दाम फोल्डरमध्ये राहू देण्याची आपली रचना असल्याने ते युनिट सेवा पुन्हा पुन्हा सुरू करत राहील आणि शेवटी मर्यादा ओलांडल्यामुळे बंद पडेल.

तुमच्या जागी मी असतो, तर आयनोटिफाय सध्या लावलेच नसते. गाडी रिकामी होऊन परत यायला जिथे पाऊण तास लागू शकतो, तिथे पावती हिशेबात मिनिटभर उशिरा आल्याने काही बिघडत नाही, आणि झालेल्या फाइली हलवल्या जात असल्याने दर मिनिटाच्या फेरीला बघायच्या फाइलीही मोजक्याच असतात. क्रॉन तसाच ठेवा, ‘एममिन’ काढा, ‘एफलॉक’ या आज्ञेने असे कुलूप लावा की ते आधीच लागलेले असेल तर स्क्रिप्ट वाट न पाहता परत जाईल, म्हणजे आधीची फेरी रेंगाळली असताना दुसरी सुरू होणार नाही, आणि बाकीची शक्ती पूर्णतेच्या कसोटीवर व एकमेवतेच्या अटीवर खर्च करा. साखर कारखान्याच्या गळीत हंगामात रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते आणि पावती निघताच पडद्यावर दिसावी अशी मागणी असते. तेथे जागे करण्याची जोड मी देतो. आतली फेरी मात्र हीच असते.

शून्य बाइटची फाइल दिसली तर ती झालेली समजू नका. तुमच्याकडे वीज जाते आणि इन्व्हर्टर दर वेळी साथ देतोच असे नाही. अचानक बंद पडलेल्या यंत्रावर नाव तयार झालेले पण मजकूर डिस्कवर न पोहोचलेला, अशा फाइली राहतात. तासाभरापेक्षा जास्त काळ अपूर्ण राहिलेली कोणतीही फाइल ‘तपासा’त न हलवता तिचे नाव फक्त कळवावे, कारण गाडी अजून आवारात उभी असू शकते.

हे सगळे बसवल्यावर खऱ्या काट्यावर जोडण्यापूर्वी वेगळ्या फोल्डरवर त्रास देऊन पाहा. फाइलची अर्धी ओळ लिहा, दीड मिनिट थांबा आणि उरलेली लिहा. ती एकदाच आणि पूर्ण चढली पाहिजे. गेल्या महिन्यातील फाइल तिची मूळ वेळ जपून उतरवा. तीच फाइल वेगळ्या नावाने टाका, मग वजनातील एक आकडा बदलून टाका आणि ती ‘तपासा’त जाते का बघा. पाचशे फाइली एकदम ओता आणि त्या भरल्या जात असताना प्रक्रिया ‘किल’च्या ९ क्रमांकाच्या संकेताने मारून पुन्हा चालू करा, शेवटी डेटाबेसातील नोंदी बरोबर पाचशे भरल्या पाहिजेत. काट्याच्या सॉफ्टवेअरने लिहिलेली एक फाइल पहिल्या वजनानंतर आणि तीच फाइल दुसऱ्या वजनानंतर, अशा दोन प्रती येथे दिल्यात, शेतकऱ्यांची नावे व गाडी क्रमांक काढून, तर पूर्णतेची अट नेमकी कशी लिहायची ते त्यावरून सांगता येईल.